अधांतरी थांबण्याची विद्या

हेलिकॉप्टर चालवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सरळ रेषेत पुढे उडणे पहिल्या एक-दोन तासांतच जमू लागते, आणि वळण घेणे किंवा उंची कमी-जास्त करणे या गोष्टीही त्याला फार काळ अडवून धरत नाहीत. परंतु जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, पुढे-मागे वा आजूबाजूला न सरकता आणि नाकाची दिशा न बदलता तेच यंत्र एका जागी अधांतरी धरून ठेवणे, ज्याला वैमानिक ‘हॉवर’ म्हणतात, ते बहुतेकांना पाच ते दहा तासांच्या सरावाशिवाय साधत नाही. अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते, हे लक्षात घेतले तर या एकाच कौशल्यावर प्रशिक्षणाचा केवढा वाटा खर्ची पडतो ते कळते. जमिनीवरून पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण जे यंत्र कुठेच जात नाही ते चालवायला सोपे असणार असा त्याचा समज असतो.

पंखांचे विमान वेगात असते तेव्हा ते स्वतःला बऱ्याच अंशी सावरत असते. त्याचे नाक थोडे वर-खाली झाले की शेपटीवरच्या आडव्या पंखावरून वाहणारी हवा ते पूर्ववत करू पाहते, दिशा थोडी बिघडली की उभा पंख तेच काम करतो, आणि म्हणून वैमानिकाने क्षणभर हात सोडला तरी विमान लगेच भरकटत नाही. हेलिकॉप्टरलाही वेगात असताना शेपटीवरच्या छोट्या पंखांचा असा काही आधार मिळतो. ते एका जागी थांबले की हा आधार संपतो, कारण त्या पंखांवरून हवा वाहतच नाही. अशा वेळी एखाद्या झुळकीने यंत्र पुढे ढकलले गेले, तर माथ्यावर फिरणाऱ्या रोटरच्या ज्या बाजूची पाती समोरून येणाऱ्या हवेवर चालून जातात त्या बाजूला जास्त उचल मिळते, पाती हलत्या सांध्यावर वर उठतात आणि रोटरची सबंध चकती मागे कलते. हा कल यंत्राला थांबवतो खरा, पण तेवढ्यावर राहत नाही. यंत्र मागे जाऊ लागते, मग चकती पुढे कलते, आणि रोटरखाली लटकलेले धड या झोक्यांत सामील होऊन प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. शास्त्रीय परिभाषेत याला गतिक अस्थैर्य म्हणतात. शिवाय यंत्राला ठरलेल्या जागेवर परत आणणारे कोणतेही बल निसर्गात नाही. जागा राखण्याचे सारे काम वैमानिकाचे असते, आणि ते अखंड चालू ठेवावे लागते.

हे काम करण्यासाठी त्याच्यापाशी तीन साधने असतात. डाव्या हाताशी, आसनाच्या बाजूला असलेला दांडा म्हणजे कलेक्टिव्ह. तो वर उचलला की रोटरच्या सर्व पात्यांचा हवेशी असलेला कोन एकदम आणि सारखाच वाढतो, त्यामुळे उचल वाढते. उजव्या हातातला सायक्लिक पात्यांचा कोन एका फेऱ्यातल्या ठरावीक जागी वाढवतो व त्याच्या समोरच्या जागी कमी करतो, त्यामुळे रोटरची चकती पुढे, मागे किंवा बाजूला कलते आणि यंत्र त्या दिशेला ओढले जाते. पायांखालची दोन पेडल शेपटीवरच्या छोट्या रोटरच्या पात्यांचा कोन बदलतात. हा शेपटीचा रोटर नसता तर इंजिन ज्या दिशेने मुख्य रोटर फिरवते त्याच्या विरुद्ध दिशेने हेलिकॉप्टरचे धडच फिरत राहिले असते, कारण फिरवणाऱ्यालाही तितकाच उलटा पीळ सोसावा लागतो. पिस्टन इंजिनाच्या यंत्रांत कलेक्टिव्हच्या टोकाला थ्रॉटलची मूठ असते, पण हल्ली रोटरची गती कायम राखणारा गव्हर्नर तिचे बरेचसे काम परस्पर करतो.

तीन साधने तीन वेगवेगळी कामे करत असती तर शिकणे फारसे कठीण झाले नसते. अडचण अशी की यांतले एक हलवले की उरलेल्या दोघांचा तोल बिघडतो. नागरी प्रशिक्षणात जगभर वापरल्या जाणाऱ्या रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. या यंत्रात उंची थोडी वाढवण्यासाठी कलेक्टिव्ह उचलला की पात्यांना हवेचा रोध वाढतो, इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, आणि त्या जोराचा उलटा पीळ नाक उजवीकडे वळवतो. ते सावरायला डावे पेडल दाबावे लागते. डाव्या पेडलाने शेपटीचा रोटर अधिक जोराने ढकलू लागतो आणि तो ढकलतो उजवीकडे, म्हणून सबंध यंत्र उजवीकडे सरकू लागते. ते थांबवायला सायक्लिक किंचित डावीकडे न्यावा लागतो. त्याने उचलीचा काही भाग बाजूला वळतो, उंची किंचित घटते, आणि गाडी पुन्हा कलेक्टिव्हवर येते. याच कारणाने वाऱ्याशिवाय स्थिर हॉवरमध्ये असलेले आर-२२ डावीकडे थोडे झुकलेले दिसते आणि जमिनीवर टेकताना त्याची डावी स्किड, म्हणजे चाकांऐवजी बसवलेली नळीची पट्टी, सहसा आधी टेकते. नवख्या विद्यार्थ्याला हे झुकणे चूक वाटते आणि तो ते सरळ करू पाहतो, तेव्हा यंत्र उजवीकडे वाहत जाते.

असे असले तरी या परस्परगुंत्याला प्रशिक्षक फार घाबरत नाहीत, कारण तो सरावाने अंगवळणी पडतो. खरी अडचण विलंबाची आहे, आणि हॉवर शिकण्याचा गाभा तिच्यातच असल्यामुळे ती थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. सायक्लिक हलवल्यावर विद्यार्थ्याला जो परिणाम हवा असतो तो म्हणजे यंत्राच्या जागेत बदल. परंतु त्या दोहोंच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. सायक्लिक हलला की आधी रोटरची चकती कलते, मग रोटरखालचे धड त्या कलाच्या मागोमाग जाते, कल टिकून राहिला तर वेग वाढू लागतो, आणि वेग काही काळ साठला की मगच जागा बदललेली दिसते. साधे गणित केले तर वेळेचा हा हिशेब नीट कळतो. हेलिकॉप्टर दोन अंशांनी कलले तर त्याला मिळणारे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे साडेतीन टक्के, म्हणजे प्रति सेकंद प्रति सेकंद सुमारे ३४ सेंटिमीटर असते. त्या त्वरणाने पहिल्या सेकंदात यंत्र जेमतेम १७ सेंटिमीटर सरकते, आणि हलत्या यंत्रात बसलेल्या नवख्याला हे अंतर जाणवतही नाही. दोन सेकंदांनी ते ६८ सेंटिमीटरवर पोचते. तिसऱ्या सेकंदाअखेर ते दीड मीटर दूर गेलेले असते आणि त्याचा वेग सेकंदाला एक मीटर झालेला असतो. विद्यार्थ्याला हालचाल जाणवते ती इथे, आणि तो घाबरून सायक्लिक उलट दिशेने जोरात ओढतो.

त्या ओढण्याचा परिणामही लगेच दिसत नाही. म्हणून तो आणखी ओढतो. यंत्र थांबते त्या वेळी विरुद्ध दिशेचा मोठा कल तयार झालेला असतो, आणि पुढच्या तीन सेकंदांत ते आधीपेक्षा अधिक वेगाने उलट्या दिशेला निघते. विद्यार्थ्याची प्रत्येक दुरुस्ती अशी एक पाऊल उशिरा आल्याने ती दुरुस्ती न राहता पुढच्या झोक्याला खतपाणी घालते. यंत्राचे अंगभूत अस्थैर्य एका बाजूने आणि वैमानिकाने निर्माण केलेले दोलन दुसऱ्या बाजूने, अशी दोघांची भर पडून काही सेकंदांत हेलिकॉप्टर मैदानभर झोके घेऊ लागते आणि प्रशिक्षकाला ताबा घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही. सरकणारे यंत्र नुसते सपाट केले तर ते थांबत नाही, कारण इतक्या कमी वेगाला हवेचा रोध नगण्य असतो. सपाट केलेले हेलिकॉप्टर त्याच वेगाने सरकत राहते. थांबवायचे असेल तर जितका कल जितका वेळ दिला होता तितकाच उलटा द्यावा लागतो आणि वेग शून्य व्हायच्या आधीच तो काढून घेण्यास सुरुवात करावी लागते. मूळ जागी परत यायचे असेल तर या साऱ्याची एक जोडी आणखी. म्हणून अनुभवी प्रशिक्षक विद्यार्थ्याला हरवलेल्या जागेमागे धावू देत नाहीत. जिथे असाल तिथे आधी थांबा, जागेचा विचार नंतर करा, असे ते सांगतात.

यावरून हॉवर हे मुख्यतः डोळ्यांचे काम आहे, हाताचे त्यानंतर, हे लक्षात येईल. जागेतला बदल ही साखळीतली शेवटची कडी आहे आणि कल ही अगदी सुरुवातीची. ज्याची नजर जागेवर खिळलेली असते तो कायम तीन सेकंद मागे असतो. ज्याला कल दिसतो तो घटना घडण्याआधीच तिला आवर घालू शकतो. तळहातावर उभी काठी तोलणारे मूल काठीच्या वरच्या टोकाकडे पाहते, तळहाताकडे पाहून काठी कधीच तोलली जात नाही, आणि हेलिकॉप्टरच्या बाबतीतही नेमके हेच घडते. विद्यार्थ्याची नजर मात्र स्वाभाविकपणे पायांसमोरच्या जमिनीवर जाते, कारण आपण जागेवर आहोत की नाही हे तिथेच सर्वांत स्पष्ट दिसेल असे त्याला वाटते, आणि दीड मीटर खालून सरकणारे गवत त्याला वस्तुस्थितीपेक्षा कितीतरी अधिक वेग भासवते. प्रशिक्षक त्याला नजर उचलून मैदानाच्या दूरच्या कडेला, एखाद्या झाडावर, खांबावर, इमारतीच्या कोपऱ्यावर आणि त्यापलीकडच्या क्षितिजावर ठेवायला सांगतात. समोरच्या काचेची चौकट आणि क्षितिज यांच्यामधले अंतर अर्ध्या-एका अंशाने बदलले तरी ते चटकन डोळ्यांत भरते. जमिनीची जवळीक आणि आजूबाजूची हालचाल टिपण्याचे काम नजरेच्या कडा करतात आणि ते त्या न सांगता करतात. हिमाच्छादित पठारावर, शांत पाण्यावर किंवा रोटरच्या वाऱ्याने उडालेल्या धुळीत हॉवर करणे अनुभवी वैमानिकालाही धोक्याचे का ठरते, याचे उत्तर इथे मिळते, कारण तिथे नजरेला धरून राहायला काहीच उरत नाही.

हाताचे शिक्षण या नजरेच्या शिक्षणामागून येते. सायक्लिक मुठीत आवळायचा नसतो. हाताचा कोपरापुढचा भाग मांडीवर टेकवून दांडा बोटांच्या पेरांनी धरायचा असतो, आणि चांगल्या हॉवरमध्ये त्याची हालचाल इतकी थोडी असते की शेजारी बसलेल्याला ती बहुधा दिसत नाही. हालचालीपेक्षा दाबाचा विचार करावा, असे सांगितले जाते. प्रत्येक दुरुस्तीचे दोन भाग असतात: थोडासा दाब देणे, आणि त्याचा परिणाम पूर्ण दिसायच्या आत तो परत घेणे. पहिला भाग सर्वांना सहज येतो. दुसऱ्याला तास लागतात, कारण परिणाम अजून दिसलेला नसताना प्रयत्न मागे घेणे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. या ठिकाणी प्रशिक्षकाचा शांतपणा विद्यार्थ्याच्या बुद्धीइतकाच, कदाचित तिच्यापेक्षा जास्त, उपयोगी पडतो. विद्यार्थी ताणाखाली असला की खांदे वर चढतात, श्वास अडतो, दोन्ही पाय एकाच वेळी दोन्ही पेडलांवर ताठ होतात आणि मग बारीक दाब देणे शरीराला शक्यच राहत नाही. म्हणून जाणते प्रशिक्षक मध्येच बुटांतली बोटे हलवायला सांगतात किंवा भलत्याच विषयावर गप्पा सुरू करतात, आणि लक्ष थोडे दुसरीकडे वळताच यंत्र स्थिर झाल्याचा अनुभव अनेकांना येतो.

शिकवण्याची रूढ पद्धत तिन्ही साधने सुटी करून देण्याची आहे. प्रथम विद्यार्थ्याकडे फक्त पेडल दिली जातात, सायक्लिक व कलेक्टिव्ह प्रशिक्षक सांभाळतो आणि विद्यार्थ्याने दूरच्या एका खुणेवर नाक रोखून धरायचे असते. मग केवळ कलेक्टिव्ह, उंची राखण्यासाठी. सर्वांत शेवटी सायक्लिक. तिन्ही वेगवेगळी जमू लागली की दोन-दोन आणि अखेर तिन्ही एकत्र दिली जातात. यासाठी मोकळे, सपाट, अडथळे नसलेले मोठे मैदान निवडतात आणि सुरुवातीला विद्यार्थ्याने एका बिंदूवर नव्हे तर त्या मैदानात राहिले तरी पुरे मानतात; पुढे पुढे हे क्षेत्र लहान होत जाते. आर-२२ मध्ये दोन आसनांच्या मधोमध एकच सायक्लिक दांडा असून त्यावर आडवी दांडी आहे, तिच्या दोन टोकांना दोघांच्या मुठी येतात. विद्यार्थ्याची मूठ मांडीशी खाली असली की प्रशिक्षकाची वर अधांतरी राहते, आणि तिथून क्षणात ताबा घेता यावा यासाठी प्रशिक्षकाला दक्ष राहावे लागते. एकसलग सराव वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त ताणण्यात अर्थ नसतो. थकलेला विद्यार्थी शिकत नाही, उलट चुकाच पक्क्या करतो. प्रगतीही सरळ चढत जात नाही: काही दिवस काहीच जमत नाही असे वाटते आणि मग एखाद्या सत्रात यंत्र अचानक थांबते, काही सेकंद, मग अर्धे मिनिट. दोन सत्रांमधल्या विश्रांतीत आणि झोपेत मेंदू अशी कौशल्ये पक्की करतो, हे हालचालींच्या शिक्षणावरील संशोधनातून पुढे आलेले आहे.

ही अडचण हेलिकॉप्टरच्या जन्मापासूनची आहे. राइट बंधूंचे विमान १९०३ मध्ये उडाले आणि अवघ्या चार वर्षांनी, १९०७ मध्ये, फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू व रिशे यांच्या यंत्राने माणसासह स्वतःला जमिनीवरून वर उचलले. मात्र ते यंत्र चार कोपऱ्यांना उभ्या राहिलेल्या माणसांनी काठ्यांनी धरून ठेवले होते, म्हणून त्याला मुक्त उड्डाण म्हणत नाहीत. वर उचलण्याइतके बळ इंजिनाला तेव्हाच मिळाले होते; उचलल्यावर आवरायचे कसे, हे कळायला पुढची तीस वर्षे गेली. इगॉर सिकोर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेतील स्ट्रॅटफर्ड येथे व्हीएस-३०० हे यंत्र प्रथम उचलले तेव्हा ते जमिनीला बांधलेले होते आणि चालवणारे स्वतः सिकोर्स्कीच होते. त्यांना शिकवणारा कोणी नव्हता. मुक्त उड्डाण १३ मे १९४० रोजी झाले, यंत्राची नियंत्रणपद्धती त्यानंतर पुन्हा पुन्हा बदलली गेली, आणि ६ मे १९४१ रोजी त्यांनी ते सलग १ तास ३२ मिनिटे हवेत ठेवून तेव्हाचा जागतिक विक्रम मोडला. वैमानिक आणि यंत्र दोघेही एकाच वेळी शिकत असताना मिळवलेले हे यश, या लेखाच्या दृष्टीने, हेलिकॉप्टरच्या इतिहासातल्या वेगाच्या व उंचीच्या सर्व विक्रमांपेक्षा मोठे आहे.

महाराष्ट्रात ही विद्या पद्धतशीरपणे शिकवणारे मोठे केंद्र नाशिक रोडच्या गांधीनगर विमानतळावर आहे. भारतीय लष्कराचे कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल २००३ पासून तिथे चालते, आणि याच संस्थेतून मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक या आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. लष्करी प्रशिक्षणात पिढ्यानपिढ्या वापरली गेलेली चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने फ्रेंच परवान्याखाली बनवली असून त्यांचा रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे वर वर्णन केलेली साखळी इथे आरशातल्यासारखी उलटते: कलेक्टिव्ह उचलला की नाक डावीकडे जाते, उजवे पेडल दाबावे लागते आणि यंत्र उजवीकडे झुकून थांबते. एका प्रकारावर तयार झालेल्या वैमानिकाला दुसऱ्या प्रकारावर जाताना पायांची ही सवय जाणीवपूर्वक मोडावी लागते.

नाशिकच्या हवेचाही या विद्येशी संबंध आहे. हॉवरमध्ये रोटरला पुढच्या वेगाची मदत मिळत नाही. वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या आसपास गेला की रोटरला सतत ताजी, न ढवळलेली हवा मिळून त्याची कार्यक्षमता एकदम सुधारते, पण एका जागी थांबलेल्या यंत्राला ही सवलत नसल्याने तिथे इंजिनाची पुष्कळ शक्ती खर्ची पडते. त्यात हवा विरळ असेल तर पात्यांना आणखी मोठा कोन द्यावा लागतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा प्रमाण वातावरणात सुमारे १,६०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ होते. म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटे लवकर उरकणे शहाणपणाचे ठरते. जमिनीलगत हॉवर करण्याचा एक फायदा मात्र असतो: रोटर जमिनीपासून त्याच्या व्यासाहून कमी उंचीवर असला की खाली जाणाऱ्या हवेच्या प्रवाहाला जमीन अडवते आणि तितकीच उचल कमी शक्तीत मिळते. याला भूप्रभाव म्हणतात. उंच गवतावर किंवा उतारावर तो कमी होतो, आणि त्याच्या बाहेर, म्हणजे दरीच्या काठावर किंवा उंच हवेत, हॉवर करण्याइतकी शक्ती शिल्लक आहे की नाही याचा हिशेब उड्डाणाआधीच करावा लागतो. नाशिकला शिकलेले वैमानिक पुढे सियाचेनमध्ये सहा हजार मीटरच्या आसपासच्या चौक्यांवर चीता उतरवतात, तेव्हा हा हिशेब किलोकिलोने मांडलेला असतो.

धोक्यांचा उल्लेख टाळता येणार नाही. हॉवरमध्ये बाजूला सरकताना स्किड एखाद्या खुंटाला किंवा ओल्या मातीत अडकली तर यंत्र त्या स्किडभोवती उलटू लागते, आणि अशा वेळी सायक्लिक विरुद्ध दिशेला ओढून उपयोग होत नाही, कलेक्टिव्ह खाली नेऊन उचलच काढून घ्यावी लागते. इंजिन बंद पडले तर पीळ एकदम नाहीसा होतो आणि नाक झटक्याने वळते. दीड मीटरवरून विद्यार्थ्याने पेडलाने नाक सरळ करायचे, यंत्राला खाली येऊ द्यायचे आणि टेकण्याच्या बेताला, फिरत्या पात्यांत उरलेली ऊर्जा कलेक्टिव्ह उचलून वापरायची असते. सुमारे ६२० किलो कमाल वजनाच्या आर-२२ ची पाती हलकी असल्यामुळे ही ऊर्जा थोडीच असते, आणि वरच्या उंचीवर इंजिन थांबले तर कलेक्टिव्ह खाली नेण्यास वैमानिकाला एक-दीड सेकंदाहून अधिक अवधी मिळत नाही. फ्रँक रॉबिन्सन यांनी रचलेले हे यंत्र १९७९ मध्ये प्रमाणित झाले, त्याच्या अल्प खर्चामुळे जगभरच्या नागरी प्रशिक्षणाचे ते मुख्य साधन बनले, आणि अपघातांचा अभ्यास केल्यावर अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने १९९५ मध्ये त्यासाठी विशेष नियम लागू केला. त्या नियमानुसार प्रशिक्षकासोबत २० तास उडाल्याशिवाय विद्यार्थ्याला हे हेलिकॉप्टर एकट्याने चालवता येत नाही. ही अट कडक वाटली तरी रास्त आहे.

अनेक आधुनिक हेलिकॉप्टरांत यंत्राला आपोआप स्थिर धरणारी स्वयंचलित प्रणाली असते, समुद्रावरच्या शोधकार्यात तिचा मोठा आधार मिळतो, आणि मग हाताने हॉवर शिकण्याचा एवढा अट्टहास कशाला असा प्रश्न विचारला जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात बाँबे हायजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली, तेव्हा नौदलाच्या जहाजांबरोबर हेलिकॉप्टरांनीही खवळलेल्या समुद्रावर शोध आणि सुटकेचे काम केले. अशा ठिकाणी दोराला लटकलेल्या माणसाचा जीव यंत्राच्या स्थैर्यावर अवलंबून असतो, आणि प्रणाली बिघडली तर ते स्थैर्य वैमानिकाच्या हातांतूनच यावे लागते. म्हणूनच बहुतेक प्रशिक्षण आजही साध्या यंत्रावर, साध्या हातांनी सुरू होते.

विद्यार्थ्याचे पहिले एकट्याचे उड्डाणही बहुधा हॉवरपुरतेच असते: उचलायचे, थांबवायचे, टेकवायचे, आणि पुन्हा एक-दोन वेळा तेच. आर-२२ मध्ये विद्यार्थी उजव्या आसनावर बसतो. डाव्या आसनावरचा प्रशिक्षक उतरला की यंत्र हलके होते, त्याचा गुरुत्वमध्य मागे आणि उजवीकडे सरकतो, त्यामुळे ते नाक वर करून उचलले जाते, कमी कलेक्टिव्हला उठते, आणि सायक्लिक आजवरच्या सवयीपेक्षा अधिक पुढे व अधिक डावीकडे ठेवावा लागतो. हे आधी सांगितलेले नसेल तर चांगला विद्यार्थीही गोंधळतो, आणि तो दोष त्याचा नसतो.

भारतात नागरी हेलिकॉप्टर प्रशिक्षणाच्या संस्था मोजक्या आहेत, अनेक मराठी तरुण-तरुणी त्यासाठी परदेशाची वाट धरतात, आणि उड्डाणाचा प्रत्येक तास महाग असल्याने हॉवर इतरांपेक्षा उशिरा जमला की खर्चाच्या धास्तीने खचून जातात. वस्तुतः हॉवर पाचव्या तासाला जमला की बाराव्या, यावरून पुढचा वैमानिक कसा होईल हे ठरत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी संस्थेला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: सुरुवातीचे तास एकाच प्रशिक्षकाकडे मिळतील का, साधने एकेक करून शिकवली जातात का, आणि एका सत्रात सलग किती वेळ हॉवरचा सराव करवून घेतला जातो. ज्या संस्थेला यांची नेमकी उत्तरे देता येत नाहीत, तिथे पैसे भरू नयेत.